एक सोडून एक

माझी थोरली जाऊ कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघते. घरची माणसं दारात उभी राहून ‘या, या’ करत असतात आणि ही बाई चपला काढता काढता त्यांच्या छताकडे टक लावून बघत असते. मग भिंतीकडेची खुर्ची शोधते. खोलीच्या मधोमध बसलेलं मी तिला कधी पाहिलेलं नाही. माझी लेक बोलायला लागली तेव्हापासून तिला छतकाकू म्हणते आणि आता ते नाव घरात सगळ्यांच्याच तोंडी बसलंय. तिला त्याचा राग येत नाही. राग यायला समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष तरी असावं लागतं.

ती हँगर निवडते. कपड्यांचे नव्हेत. लाकडी मजला बांधताना मधे एक मोठी तुळई असते आणि तिला दोन्ही अंगांनी लहान तुळया येऊन मिळतात. लहान तुळईचं टोक नुसतं टेकवून भागत नाही, त्याला धरायला पत्र्याची वाकवलेली एक झोळी लागते. झोळीला दोन कान असतात, ते खिळ्यांनी मोठ्या तुळईला ठोकायचे आणि लहान तुळईचं टोक झोळीत बसवायचं. ही झोळी म्हणजे हँगर. मजला पूर्ण झाला, खाली छत लागलं की ती कुणाला दिसत नाही आणि तिची कुणाला आठवणही राहत नाही. आमच्या जाऊबाईंना मात्र तेवढंच आठवत असतं.

लाकडाच्या वखारीचं एक ऑफिस आहे, त्यांच्यासाठी ती घरूनच काम करते. नकाशे येतात. ती कॉम्प्युटरवर एकेका जोडाची माहिती भरते: तुळई केवढी, लाकूड कुठलं, वर वजन किती, टोक सरळ येतंय की तिरकं. मग प्रोग्राम हँगरांची यादी काढतो. चालणारे हिरवे, न चालणारे लाल. एखादं टोक भलत्याच कोनात आलं की यादीतला एकही हँगर बसत नाही. तेव्हा ती स्वतः आखून कारखान्याकडून वेगळा वाकवून घेते आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात गुणगुणते.

मी शिवणकाम करते. घराच्या मागच्या खोलीत उजेड चांगला येतो, म्हणून माझं मशीन आणि तिचा कॉम्प्युटर दोन्ही तिथेच आहेत. दिवसभर माझी खडखड आणि तिची टकटक. एकदा मी सहज म्हटलं, “सगळं हिरवं झालं म्हणजे सुटलीस की तू.”

“हिरवं म्हणजे बरोबर नव्हे गं,” ती म्हणाली. “मी त्याला जे सांगितलं ते खरं असेल तर बरोबर.”

ती निवडते ते हँगर प्रत्यक्ष ठोकायचं काम बहुतेक वेळा तिचा नवराच करतो. म्हणजे माझे थोरले दीर. भाऊजी लाकडी मजल्यांची कामं घेतात. माझा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले चार महिने घरी, त्यामुळे माझ्या लेकीला सायकल शिकवली ती भाऊजींनी, तिचा पडलेला दात जपून खिशात घालून घरी आणला तोही त्यांनीच. माणूस बोलघेवडा. दाराच्या बिजागरीबद्दल विचारलंत तर झाडापासून सुरुवात करतील.

आता त्या कानांची गोष्ट. हँगरच्या कानांना भोकं पाडलेली असतात आणि त्यांत खिळे मारायचे असतात. वजन जास्त असेल तर सगळी भोकं भरावी लागतात. हलकं असेल तर निम्मी भरली तरी चालतं, फक्त ते प्रोग्रामला आधी सांगावं लागतं. भाऊजी पहिल्यापासून एक सोडून एक भोक भरत. हातही भराभर चालतो आणि लाकूडही चिरत नाही. जाऊबाईंना ते ठाऊक होतं. म्हणून तिने प्रोग्राममध्ये ‘निम्मी भोकं’ अशी खूण करून ठेवली आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. निम्मी म्हटलं की प्रोग्राम जरा मोठा हँगर देतो. तो मोठा हँगर भाऊजी निम्म्या खिळ्यांवर बसवत. मजले सगळे भक्कम उभे आहेत.

यावर त्या दोघांचं एकदा तरी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. नवराबायको जुनी झाली की पुष्कळ गोष्टी न बोलताच चालतात. भाजीत मीठ किती, पंखा कितीवर, आणि भोकं किती.

मागच्या वर्षी चष्म्याच्या एका दुकानावर नवा लाकडी मजला चढला. हँगर जाऊबाईंचे, काम भाऊजींचं. त्या मजल्यावर डान्सचा क्लास सुरू झाला आणि माझी लेक तिथे जायला लागली. क्लासचा मोठा कार्यक्रम एका शनिवारी ठरला. पोशाख शिवायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे त्या आठवड्यात मागच्या खोलीत निळ्या झालरींचा ढीग पडला होता.

बुधवारी दुपारी जाऊबाई एका जिन्याच्या कामावर बसली होती. एकदम म्हणाली, “हा इतका लहान हँगर कसा काय चालतो?”

ती माझ्याशी बोलत नव्हतीच. थोडा वेळ टकटक झाली आणि मग थांबली. प्रोग्राम मागच्या वर्षी अपडेट झाला होता. त्या अपडेटने तिची खूण पुसून स्वतःची खूण घातली होती: सगळी भोकं. इतक्या वर्षांत त्या खुणेच्या चौकटीकडे तिला बघावंच लागलं नव्हतं, म्हणून तिने बघितलं नव्हतं.

अपडेटनंतरच्या कामांत सगळ्यांत जास्त वजन डान्सच्या मजल्यावर, म्हणून तिने आधी त्याचीच फाइल उघडली. सगळे हँगर हिरवे होते. तिने खूण बदलून ‘निम्मी’ केली. मी दोरा तोडायला मान वर केली तेव्हा मधल्या तुळईच्या दोन्ही अंगांची रांगच्या रांग लाल झाली होती.

“काय झालं ताई?”

“काही नाही. ह्यांनी सगळी भोकं भरली असतील तर काहीच नाही.”

“आणि नसतील तर?”

ती माझ्या झालरींकडे बघत राहिली. “किती मुली आहेत गं एकूण?”

मी हातातली झालर खाली ठेवली. तरी मी म्हटलं, “अगं, इतके महिने क्लास चाललाय की तिथे.”

“रोज एकच तुकडी असते. शनिवारी सगळ्या असतील. वर त्यांचे आईबाप, आजीआजोबा, खुर्च्या. आणि सगळ्या मुली एकाच ठेक्यावर उड्या मारणार.”

मी शिवणारी बाई आहे. कच्च्या टाक्यावर घातलेला कपडा चालताना टिकतो आणि वाकल्यावर उसवतो, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. सासूबाई होत्या, लेक होती. अगदी सहज आठवल्यासारखं ती म्हणाली, “अहो, त्या चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्याला भोकं सगळी भरली होती ना?”

“सगळी,” भाऊजी म्हणाले.

“एक सोडून एक नाही ना?”

“सगळी म्हटलं ना! डान्सचा मजला आहे, तेवढी अक्कल आहे मला.”

“जेवताना तरी तुमची ती भोकं बाजूला ठेवा,” सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. जाऊबाईही हसली. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. बिजागरीसाठी झाडापासून सुरुवात करणारा माणूस एका शब्दात कसा काय आटोपला? खिळे कुठून आणले, हातोडा कुणी धरला, ऊन किती होतं, काहीच नाही?

शुक्रवारी मी तिच्या मागेच लागले. “जाऊन बघ ना एकदा. दुकानाच्या छताला उचलायचे चौकोन आहेत, एक वर केला की दिसेल.”

“बघायला गेले याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुला?”

“कळतंय. पण तिथे माझी पोर नाचणार आहे.”

“माझी कोण आहे मग ती?” ती माझ्यावर ओरडली. तिला मूल नाही. मी जीभ चावली, पण मला तिचा रागही आला होता आणि तो गेला नाही. नवऱ्यावरचा विश्वास एवढा नाजूक असेल तर तो कशाला जपायचा, असं मला तेव्हा वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते केसांत पांढरी भुकटी घेऊन. “वखारीत होतो,” असं आपणहूनच म्हणाले. वखारीतला भुसा पांढरा नसतो, हे घरात सासूबाईंनाही ठाऊक आहे. जाऊबाईने त्यांची कॉलर झटकली, बोटांना लागलेली भुकटी चोळून बघितली आणि पाणी आणायला आत गेली.

शनिवारी सकाळी भाऊजी भलतेच खुशीत होते. बुटांना पॉलिश केलं, लेकीच्या केसांत क्लिप लावून दिली आणि वाकडी लावली म्हणून तिची बोलणी खाल्ली. मला म्हणाले, “तुम्ही सगळे पुढे बसा, रस्त्याच्या बाजूला. मी पहिल्या रांगेत जागा सांगून ठेवल्यात. स्टेजही तिकडेच घ्यायला लावलंय. मागे बसू नका, मागे कोंदट होतं.”

किती काळजी करतात हो, असं मला वाटलं. हे मी खरं सांगतेय.

चारला कार्यक्रम होता. आम्ही थोडं आधी पोचलो. भाऊजी सासूबाईंना हात देऊन जिन्याने वर घेऊन गेले, लेक त्यांच्या पुढे उड्या मारत गेली. मीही निघाले होते, तोच जाऊबाईने माझा दंड धरला. “जरा ये माझ्याबरोबर,” म्हणाली आणि चष्म्याच्या दुकानात शिरली.

चष्मेवाला गिऱ्हाईकाचे कान मोजत होता. आम्हाला बघून म्हणाला, “या. काल तुमचे मिस्टर येऊन गेले की.”

जाऊबाई छताकडे बघत होती. मीच विचारलं, “कशाला?”

“मजला कुरकुरतो म्हणाले, थोडे खिळे मारायचेत. दुपारभर ठोकत होते. शिडीसुद्धा इथेच ठेवून गेलेत. मागच्या खोलीचं राहिलंय, तिथे माझे पेशंट होते. अंधार करून डोळे तपासायचे आणि डोक्यावर ठोकाठोकी, कसं चालेल? मी म्हटलं, सोमवारी या. ते म्हणाले, चालेल, सोमवारी येतो.”

“मला बघायचंय,” जाऊबाई म्हणाली. तिने त्याच्या परवानगीची वाटही बघितली नाही.

मी शिडी धरली. ती मोबाइलचा उजेड घेऊन वर चढली आणि दुकानाच्या छताचा एक चौकोन तिने बाजूला सरकवला. मला खालून तिचे पायच दिसत होते.

“काय आहे?”

“एक जुना, एक नवा,” ती म्हणाली. “एक जुना, एक नवा.”

खिळ्यांची डोकी. जुनी काळवंडलेली, आणि त्यांच्या मधली कोरी, चकचकीत. म्हणजे गुरुवारी भाऊजी खोटं बोलले होते आणि शुक्रवारी येऊन त्यांनी ते खोटं खरं करून ठेवलं होतं. मला तर सुटल्यासारखंच झालं. म्हटलं, जाऊ दे, माणसाने चूक केली आणि निस्तरली. घरी गेल्यावर हिने चार शब्द सुनवावेत आणि विषय संपवावा.

ती खाली उतरली, शिडी उचलली आणि मागच्या खोलीत गेली.

ती खोली काळी होती. भिंतीवर लहान होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता, समोर एक उंच खुर्ची, बस. डोक्यावर मात्र गजबज चालली होती. खुर्च्या सरकत होत्या, कुणी कुणाला हाक मारत होतं, लहान पायांची धावपळ चालली होती. जाऊबाईने चौकोन वर केला तेव्हा तिच्या तोंडावर तीच पांढरी भुकटी पडली. तिने डोळे पुसले आणि पुन्हा वर पाहिलं.

या वेळी मला खालूनही दिसलं. एक खिळा, एक रिकामं काळं भोक. एक खिळा, एक भोक. आणि जे खिळे होते त्यांची डोकी पत्र्याला चिकटलेली नव्हती. ती थोडी पुढे आली होती. वर कुणीतरी चाललं की हँगरचा कान लाकडापासून किंचित सुटायचा आणि पुन्हा टेकायचा.

“वर या बाजूला कोण बसलंय?” तिने विचारलं.

“लोक,” मी म्हणाले. “बाकीचे सगळे लोक. आणि ज्या मुलींची पाळी यायचीय त्या.”

हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. पुढे बसा, रस्त्याच्या बाजूला. मागे बसू नका, मागे कोंदट होतं. त्या माणसाला मागच्या बाजूचं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर त्याने आमच्यासाठी पुढच्या खुर्च्या धरल्या होत्या.

जाऊबाई खाली उतरली होती. तिने माझे दोन्ही खांदे धरले. “वर जा. ओरडू नकोस. ओरडलीस तर सगळे एकदम उठतील आणि एकदम पळतील. मागच्या लोकांना आधी काढ, चार-चार जणांना, सावकाश. गाणं लावू देऊ नकोस. मी इथून बघते.”

“तू इथे खाली थांबणार?”

“कुणीतरी बघायला नको का? जा तू.”

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. डान्सच्या बाईंच्या कानात मी सांगितलं तेव्हा त्या हसतच होत्या, आणि सांगून झाल्यावरही तोंडावर ते हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. हुशार बाई. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाल्या, आधी खाली रस्त्यावर सगळ्यांचा एक फोटो काढायचाय, मागच्या रांगांपासून सुरुवात करूया, घाई नको, चार-चार जण या. लोक कुरकुरले. एक आजोबा म्हणाले, आत्ता तर बसलो. मुली खिदळत उठल्या. मी हसत होते, ‘या हं, सावकाश’ म्हणत होते आणि जीव टांगणीला लागला होता. त्या टांगणीच्या खाली माझी जाऊ उभी होती.

अर्धेअधिक लोक खाली उतरले असताना खालून ‘कडक’ असा एक आवाज आला. बोट मोडल्यासारखा, फार मोठा नाही. एका मुलीची पाण्याची बाटली खुर्चीखालून निघाली आणि आपली आपण मागच्या भिंतीकडे घरंगळत गेली. तिच्याकडे दोघांचंच लक्ष होतं. माझं आणि पहिल्या रांगेतल्या भाऊजींचं. ते खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली.

सगळे उतरले. मजला पडला नाही. रस्त्यावर खरंच फोटो काढला, माझ्याकडे आहे तो. लेकीने त्यात तोंड फुगवलंय, कारण तिचा नाच झाला नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊबाई भिंतीकडे उभी न राहता मधोमध उभी होती, मान वर करून. मी तिला अशी पहिल्यांदाच बघत होते. तिथूनच तिने ऑफिसच्या इंजिनिअरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सुरुवात तिने स्वतःच्या खुणेपासून केली. माझी चौकट बघायची राहिली, मग पुढचं. भाऊजी दारात येऊन ऐकत होते.

मला राहवलं नाही. “मागच्या लोकांचं काय ठरवलं होतं तुम्ही?”

“सोमवारी करणारच होतो,” ते म्हणाले. “तुम्हाला पुढे बसवलं होतं ना.”

त्यांचा आमच्यावर किती जीव आहे ते मला तेव्हा कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

इंजिनिअर आला, टेकू आले. तुळया टेकूंवर जागच्या जागी उचलल्या, सुटलेले हँगर बदलले आणि काळोख पडायच्या आत भाऊजी शिडीवर चढले. जाऊबाईने शिडी धरली होती आणि मी खिळ्यांचा डबा. ते एकेक खिळा मागत होते, मी देत होते. शेवटचा खिळा बसला. त्यांनी बाहीने घाम पुसला.

“झालं,” ते वरूनच म्हणाले. “सगळी.”

“उतरा खाली,” जाऊबाई म्हणाली. “मी बघते.”

हातोडा कमरेला अडकवून ते खाली उतरले. ती वर चढली आणि एकेका भोकावर बोट ठेवून पुढे सरकत गेली. त्या खोलीत उंच खुर्ची होती, पण भाऊजी तिच्यावर बसले नाहीत. ती उतरेपर्यंत ते शिडी धरून उभे होते आणि तिने एकदाही खाली पाहिलं नाही.